ज्याला थांबणं परवडतं

ज्येष्ठाच्या अखेरीस तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडच्या दिशेनं निघाली, की वाटेत आमचं भांडगाव लागतं. त्या दिवशी पुणे-सोलापूर रस्ता गाड्यांचा राहत नाही. सगळं गाव रस्त्यावर येतं, आमचं घरही येतं. वारकऱ्यांसाठी ओट्यावर पाण्याचे हंडे भरून ठेवायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. मागच्या वारीत माझी पुतणी सोबत होती. ती पुण्यात फॅशन डिझायनिंग शिकते. दिंड्यांमागून दिंड्या जात होत्या आणि ती बायकांची लुगडी निरखत उभी होती. हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची, चौकड्यांची. मध्येच म्हणाली, “चाचा, आम्हाला एक असाइनमेंट आहे. फॅशन इंडस्ट्रीत पॉवर कुणाकडे असते? मी लिहिलं, डिझायनरकडे. मॅडम म्हणाल्या, पुन्हा विचार कर.”

मी म्हटलं, “तुझ्या पडदादीनं याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय.”

आम्ही मणेर. म्हणजे बांगड्या भरणारे. हिंदूंमध्ये कासार, मुसलमानांमध्ये मणेर. माझी दादी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन भांडगाव, खोर, खुटबाव, केडगाव, पाटस अशी गावं पायी हिंडायची. आळीत शिरली की बायका हाक मारत, “मणेरीण चाची आली गं!” लग्नाचा हिरवा चुडा, डोहाळजेवण, संक्रांत, पंचमी, सगळं तिच्या हातून जायचं. बांगड्या भरून झाल्या की सुना तिच्या पाया पडत. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण या पट्ट्यात कुठल्या साली कुठल्या रंगाची लुगडी चालली हे तिला पाठ होतं. लुगड्याचा रंग बदलला की बांगडीचा बदलायचा.

एका वर्षी अंजिरी रंगाची लुगडी फार खपली. बायका अंजिरी बांगड्या मागायला लागल्या. दादी पुण्याला गेली. ज्या ठोक व्यापाऱ्याकडून ती उधारीवर माल उचलायची, त्याच्या गोदामात अंजिरी बांगडीच्या पेट्या रचलेल्या तिनं डोळ्यांनी पाहिल्या. त्यानं दिल्या नाहीत. लग्नसराईत भाव चढेल तेव्हा काढू म्हणाला आणि मागच्या वर्षीचा पडून राहिलेला पिवळा माल तिच्या पेटीत भरला. मागची बाकी होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. घरी येऊन ती अब्बांना म्हणाली, “जो रुक सकता, बाजार उसीका.” ज्याला थांबता येतं, बाजार त्याचा.

हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं राहिलं. पुढे इतिहास वाचायला लागल्यावर मला ते जागोजागी भेटत गेलं. पुतणीच्या निमित्तानं ते सगळं एकत्र मांडायचा हा प्रयत्न आहे.

रेल्वे आली, रंग बदलला

१८५८ साली मुंबईची रेल्वे पुण्याला पोहोचली. त्याच वर्षाअखेरीस ती दौंडच्या पलीकडे दिकसळपर्यंत गेली आणि १८६० मध्ये सोलापूरला. यवत आणि खुटबाव ही आमची जवळची स्टेशनं याच रुळांवरची. तोपर्यंत खेड्यातलं कापड बहुतांश आसपासच विणलं जाई. साळी, कोष्टी, मोमीन या विणकर जाती जिल्ह्याजिल्ह्यात होत्या. पुण्यातल्या मोमीनपुऱ्याचं नाव याच वस्तीची खूण सांगतं. लुगड्याचा लाल रंग आल नावाच्या झुडपाच्या मुळांतून निघे, निळा नीळीतून. रंगाऱ्याच्या कुंडात जे साधे, तेच बायका नेसत.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जर्मन कारखान्यांनी लालसुद्धा रसायनातून काढला. हे रंग रेल्वेनं बाजारपेठांत पोहोचले आणि आलीची शेती संपत गेली. रंगारी कुंडाऐवजी डब्यातली पूड वापरू लागला. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा इथले रंग कडाडले, इतका हा व्यवहार परावलंबी झाला होता. बांगडीचंही तेच. महायुद्धाआधी काचेच्या बांगड्या मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या बोहेमियातून येत, नंतर जपानहून. फिरोजाबादच्या भट्ट्यांनी त्यांची जागा पुढे घेतली.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यातली एखादी बाई जांभळं लुगडं नेसून हातात हिरवी काच भरत होती, तेव्हा तिच्या अंगावर जर्मनी होतं आणि मनगटावर बोहेमिया. फॅशन हा शब्द तिला माहीत नव्हता, पण तिची आवडनिवड दूरच्या कारखान्यांशी बांधली गेली होती. ही गाठ मारणारा माणूस मात्र अगदी जवळचा होता. तो गावातच दुकान टाकून बसलेला होता.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं हे गाव आज बारामती तालुक्यात आहे, आमच्यापासून फार दूर नाही. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. आग पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरली. त्याआधी डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकाराविरुद्ध बहिष्काराची सुरुवात झालेली होती.

या दंग्यांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, कारण ती खरोखर वेगळी आहे. जमावाला मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे, दस्त, वह्या. ते मिळाले की जाळले जात. माणसं मारण्याचा उद्देश नव्हता. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद दिले, तिथं बहुधा पुढचा त्रास टळला.

कर्ज कशाचं होतं? सारा भरायचा होता, बैल घ्यायचे होते, हे आपण शाळेत शिकतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला विक्रमी भाव आला, सावकारानं हात सैल सोडला, युद्ध संपताच भाव कोसळले आणि वसुली सुरू झाली, हेही शिकतो. पण गावचा सावकार बहुतेक वेळा दुकानदारही असे. तोच धान्य घेई, तोच किराणा विके, तोच कापड विके. लग्नाची लुगडी, चोळीचे खण, नवऱ्या मुलाचा फेटा, सगळं त्याच्याकडून उधारीवर येई आणि पिकाच्या हिशोबात मिसळून जाई. वहीत एकदा लिहिलं, की कापडाचे पैसे कुठले आणि बियाण्याचे कुठले हे निरक्षर कुळाला कधीच कळत नसे.

असा सावकार कुठलं लुगडं घ्यायचं हे हुकूम देऊन सांगत नाही. त्याची गरजही नसते. तो पुढ्यात जे ठेवतो त्यातूनच निवडायचं असतं, कारण रोख देऊन दुसऱ्या दुकानात जायला कुळाकडे पैसे नसतात. त्याचा माल पडून राहिला तरी त्याचं अडत नाही. शेतकऱ्याचं लग्न मात्र तिथीवर लागायला हवं.

दंग्यांनंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. कुळाला कोर्टात हिशोब उघडून मागायचा हक्क मिळाला. त्यातून सावकारी संपली नाही, पण वही उघडायला लावता येते एवढं तरी सिद्ध झालं.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. त्या दंग्यांत रोख प्रामुख्यानं मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, कारण ते बाहेरून आलेले होते. राग वहीवर होता, पण तो जमातीच्या नावानं बोलला गेला. हा घोटाळा आपल्याकडे वारंवार होतो. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

सूत कुणाचं, माग कुणाचा

आता लुगडं विणणाऱ्याकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मोठ्या संख्येनं दक्षिणेकडे निघाले. इंग्रजांची दडपशाही होती, दुष्काळ होते आणि मँचेस्टरच्या कापडानं त्यांचे माग बसवले होते. आग्रा रोडनं येता येता त्यांचे काफिले मोसम नदीकाठी मालेगावला थांबले, काही पुढे भिवंडीला गेले. मालेगावात त्यांनी जो माल विणायला घेतला, तो त्यांच्या मुलखातला नव्हता. तो होता मराठी बायकांचं नऊवारी लुगडं. बनारस-आझमगडकडची बोली बोलणारा, शुक्रवारी माग बंद ठेवून जुम्याला जाणारा माणूस खानदेश आणि दख्खनच्या कुणबिणींच्या नेसण्याचा जाणकार झाला. काठ किती रुंद हवा, पदर कसा हवा, कुठल्या भागात कुठला रंग चालतो, हे त्याला ठाऊक झालं. पंढरीला निघालेल्या कित्येक माउल्या पिढ्यानपिढ्या मोमिनांच्या मागावरचं लुगडं नेसून चालल्या. त्याचा कुणी गाजावाजा केला नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही.

सोलापुरात हेच काम तेलंगणातून आलेल्या पद्मशालींनी केलं. तिथं मुरारजी गोकुळदासांची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, तरी हातमाग मेला नाही. गिरणीचं सूत घेऊन विणकर काठपदराची लुगडी विणत राहिला, कारण गिरणीला तो माल नीट जमत नव्हता. मग एवढं कसब हातात असलेला विणकर बाजाराचा मालक का झाला नाही?

कारण हंगाम. लुगड्याची खरेदी सुगीनंतर आणि लग्नसराईत होते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, पण विणकराच्या घरात चूल रोज पेटते. त्यामुळे तो मंदीतही विणतो आणि संध्याकाळी लुगडं काखेत मारून व्यापाऱ्याकडे जातो. मिळेल त्या भावात ते देऊन उद्याचं सूत घेतो. व्यापारी तो माल चार महिने ठेवतो आणि भाव चढला की काढतो. दोघांमध्ये जास्त हुशार कोण, हा प्रश्नच नाही. एकाला चार महिने थांबता येतं, दुसऱ्याला एक रात्रही थांबता येत नाही.

यंत्र आल्यावर हे बदलेल असं वाटलं होतं. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार घोरपड्यांच्या पाठिंब्यानं पहिला यंत्रमाग बसवला. १९३० च्या दशकात वीज आली तसे मालेगावातही यंत्रमाग आले. विणकर ‘मागवाला’ झाला, पण सूत आणि गिऱ्हाईक व्यापाऱ्याकडेच राहिलं. इचलकरंजीत आजही ‘खर्चीवाला’ हा शब्द चालतो. खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचे, जागा स्वतःची, विजेचं बिल स्वतःचं, पण सुताचं बीम व्यापाऱ्याचं. कापड विणून परत द्यायचं आणि दर पिकामागे ठरलेली पैशांतली मजुरी घ्यायची. बाजार मंदावला की व्यापारी बीम देणं थांबवतो. त्यासाठी त्याला कुणाला कामावरून काढावं लागत नाही. माग आपोआप उभे राहतात आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. मालक थांबू शकले. त्यांच्याकडे न खपलेला माल होता आणि कापड विणून घ्यायला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग होते. तिथं बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आणि युनियन नावाला असे. म्हणजे गिरणगावातल्या मराठी कामगाराचं काम ज्या मागांवर गेलं, तिथला मोमीन, तेलुगू आणि भय्या कामगारही काही सुखात नव्हता. दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करणारा तिसरा होता आणि त्याला थांबणं परवडत होतं.

महाडची सभा

इथवर वाचून कुणाला वाटेल की नेसणाऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. तसं नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात एक दिवस असा आहे की नेसणाऱ्यांनी एका रात्रीत सगळा खेळ उलटवला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांच्या सभेत बोलले. त्या भाषणात त्यांनी लुगड्यांचा आणि दागिन्यांचा विषय काढला. अस्पृश्य बायांनी लुगडं किती आखूड नेसायचं, गळ्यात काय घालायचं, हातांत कथलाच्या किंवा चांदीच्या किती गोठ-पाटल्या घालायच्या, हे रूढीनं ठरलेलं होतं. लांबून बघून जात ओळखता यावी, हा त्याचा उपयोग. बाबासाहेबांनी सांगितलं की या खुणा टाकून द्या आणि वरच्या जातींच्या बायकांसारखं लुगडं नेसा. त्याच वेळी बायकांनी नेसण बदललं. शेजारच्या सुधारक घरांतल्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. परतताना त्या पायघोळ लुगड्यांत गेल्या.

लुगडं तेच होतं. तोच व्यापारी, तोच माग. फक्त ते घोट्यापर्यंत खाली आलं. तेवढ्यानं शेकडो वर्षांची एक खूण पुसली गेली. मला हा प्रसंग वाचताना नेहमी दादीच्या धंद्याची आठवण येते. कुणी कुठली बांगडी घालायची हे ठरवणारी सत्ता दुकानाच्याही आधी समाजात असते. सावकार आणि व्यापारी माल अडवतो. समाज हातच अडवतो.

रिकामे हात

आमच्या भांडगावापासून केडगाव जवळच आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. रमाबाई स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली आणि बायका केडगावात आणल्या. तिथं बायका शिवण शिकल्या, माग चालवायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. त्यांच्या धर्मांतरावर आजही वाद होतात. पण ज्या काळात ब्राह्मण विधवेला केस काढून आलवण गुंडाळून कोपऱ्यात बसवलं जाई, त्या काळात या बायका स्वतःच्या अंगावरचं कापड स्वतः विणत होत्या, ही गोष्ट वादापलीकडची आहे.

दादीच्या पेटीत विधवेसाठी काही नसायचं. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या आणि मणेरणीनं त्या दारात पुन्हा थांबायचं नाही, असा अलिखित नियम होता. बांगडी फुटली असं एरवीही कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात, इतकी त्या शब्दाची भीती. एकदा जवळच्या एका गावात वाड्याच्या मागच्या दारानं एका तरुण विधवेनं दादीला आत घेतलं. विशीतली पोर. म्हणाली, “चाची, हिरव्या नकोत. कुठल्याही दोन भर. हात फार हलके लागतात.” दादीनं दोन साध्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत.

सासूला कळलं. त्या आळीत दादीला वर्षभर कुणी हाक मारली नाही. पाठोपाठ एक लग्नसराई आली आणि त्या आळीची चार लग्नं दुसऱ्याच्या पेटीनं केली. पुण्याची बाकी वाढली. अब्बा सांगतात, त्या वर्षी घरात दोनदाच गोश्त शिजलं. दादी माफी मागायला गेली नाही. वर्षानं धाकट्या सुनेचं डोहाळजेवण निघालं, तेव्हा त्याच सासूनं माणूस पाठवून तिला बोलावलं. ती गेली, बांगड्या भरल्या, कुठला विषय काढला नाही. उतरताना मागच्या दाराकडे पाहिलं. त्या पोरीच्या हातांत काही नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं थांबवा, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकी ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. मी ही बातमी वाचली तेव्हा दादी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला वाचून दाखवायला हवी होती.

आजची वही

आता चित्र मोठं झालंय, पण रेषा त्याच आहेत. सुती लुगडं मागं पडलं. सुरतेच्या सिंथेटिक साडीनं बाजार घेतला. मालेगावचे पुष्कळसे माग आता बिनरंगी ग्रे कापड विणतात. ते बालोत्रा, पालीसारख्या ठिकाणी रंगायला जातं. ज्याला काठपदराची जाण होती, त्याच्या मुलाला आपलं कापड पुढे कशासाठी वापरलं जातं हेही कळत नाही. पैठणीचे गिऱ्हाईक एके काळी पेशवे आणि निजाम होते. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या टीव्ही कार्यक्रमानं ती घराघरातल्या वहिनींचं स्वप्न केली. मागणी वाढली, याचा येवल्याच्या काही विणकरांना फायदाही झाला. पण हातमागाची पैठणी विणायला आठवडे, कधी महिने लागतात. यंत्रावरची ‘सेमी पैठणी’ भराभर निघते. तेव्हा बहुतेकींच्या अंगावर दुसरीच आली.

जगातही हेच. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभार इथं राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली. कपड्यांच्या कारखान्यांत मात्र कामगारांना बोलावलं गेलं, कारण युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडच्या मालाची तारीख ठरलेली होती. बँकेला एक दिवस थांबणं परवडलं. शिलाई मशीनला परवडलं नाही.

पुतणीनं उन्हाळ्यात एका कंपनीत उमेदवारी केली. तिनं काढलेलं एक डिझाइन पास झालं, पण रंग बदलून. गोदामात मागच्या वर्षीचा पिवळा कपडा पडून होता, तो आधी संपवायचा होता. ते शिवायला ज्या बायांना दिलं, त्यांचे पैसे तीन महिन्यांनी निघाले. हे ती सांगत होती आणि मला पुण्याच्या गोदामातल्या अंजिरी पेट्या दिसत होत्या.

मध्यंतरी आमच्या भागातल्या मोबाईलवर एक संदेश फिरला. सणाच्या बांगड्या मुसलमानाकडून भरू नका, असा. तो पाठवणाऱ्यांत दादीनं ज्यांच्या आयांना चुडे भरले, अशा घरांतली पोरंही होती. मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. बांगडीचा भाव ठरवणारा आणि शेतमालाचा भाव ठरवणारा गोदामात निवांत बसलेला असतो आणि आपण डोक्यावर पेटी घेतलेल्या बाईला आळीतून हाकलतो. १८७५ साली निदान शेतकऱ्यांनी वही शोधून काढली होती.

हे सगळं पुतणीला सांगितल्यावर तिनं विचारलं, “मग ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं काय करायचं?”

याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. विणकरांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या त्या याचसाठी. सभासदाला मंदीतही सूत मिळावं आणि माल घाईनं विकावा लागू नये, ही कल्पना अचूक होती. पुढे बऱ्याच सोसायट्या पुढाऱ्यांच्या हाती गेल्या. कल्पना मात्र चुकली नव्हती. एकट्याला थांबता येत नाही, दहा जणांना मिळून थोडं थांबता येतं.

दादीचंही तेच होतं. पुण्याचा व्यापारी तिला थांबू देत नव्हता, पण ती बायकांना थांबू द्यायची. हातात पैसे नसले तरी बांगड्या भरायची. ज्वारी निघाली की बायका पायली-दोन पायली आणून द्यायच्या, नाहीतर पुढच्या सुगीला. लिहिता येत नसल्यानं वही नव्हती. कुणाकडे किती, हे तिच्या डोक्यात असायचं आणि त्या बायकांच्या.

दादी वारली त्या आठवड्यात तीन बायका घरी आल्या. पदराच्या गाठीतून पैसे काढून अम्मीपुढे ठेवले. चाचीची उधारी राहिली होती म्हणाल्या. अम्मीनं विचारलं, किती होती? त्या म्हणाल्या, तुमच्याकडे लिहिलेलं नाही का? अम्मी म्हणाली, नाही. तर त्यांनी आपापसात आठवून हिशोब केला आणि पूर्ण रक्कम देऊन गेल्या.

असाइनमेंटमध्ये हे लिहू का, असं पुतणीनं विचारलं. मी म्हटलं, लिही.